मुलांचा न्याय मुलांच्या हातीं

चौदा वर्षांच्या मुलानें दुकानांतून प्रथमच एखादी वस्तु चोरली, तर त्याचें काय करावें? कोणी म्हणतात, चोप द्यावा. कोणी म्हणतात, पोर आहे, सोडून द्यावें. पहिल्या उपायानें मन कठीण होतें, दुसऱ्यानें अपराध हलका वाटूं लागतो. अमेरिकेंत एक तिसरा मार्ग चालू आहे, त्याचा आज आपण विचार करूं.

टेक्सस प्रांतांतील ओडेसा नगरांत १९८३ सालीं मुलांची न्यायसभा स्थापन झाली. पुढें पुष्कळ नगरांनीं तिचा कित्ता गिरविला. तिची रीत अशी: मुलानें आपला अपराध आधीं कबूल केला पाहिजे. मग त्याच्याच वयाचीं मुलें वकिलाचें काम करितात, व समवयस्क पंच शिक्षा ठरवितात. न्यायासनावर बहुधा वडील मनुष्य असतो. शिक्षा म्हणजे फटके नव्हेत, तुरुंगही नव्हे. लोकोपयोगी काम करणें, ज्याचें नुकसान झालें त्यास क्षमेचें पत्र लिहिणें, आणि पुढें स्वतः पंच होऊन दुसऱ्या मुलाच्या न्यायास बसणें, अशी ती असते. ती पुरी केल्यावर बहुधा आरोप काढून टाकितात.

ह्याचें फळ काय? २००२ सालीं चार प्रांतांतील तपासणी प्रसिद्ध झाली. अलास्कांत ह्या सभेपुढें आलेल्या मुलांपैकीं शेंकडा ६ मुलांनीं सहा महिन्यांत पुन्हा अपराध केला. नेहमींच्या रीतीनें वागविलेल्यांत हेंच प्रमाण शेंकडा २३ होतें. मेरीलंड प्रांतांत मात्र असा लाभ दिसला नाहीं. तेव्हां हें सर्व रोगांवरचें औषध नव्हे.

तथापि शेवटची अट आम्हांस फार मोलाची वाटते. काल जो अपराधी म्हणून उभा होता, तोच आज दुसऱ्याचें दुःख व कारण ऐकून योग्य काय तें ठरवितो. त्याचा विश्वास धरिला गेला, हें त्यास कळतें.

आपल्या देशांत २०१५ च्या कायद्यानें हें काम बाल न्याय मंडळाकडे दिलें आहे. म्हणून गांवांत न्यायसभा भरवा असें आमचें सांगणें नाहीं. परंतु उपदेशक बंधूंनो, शाळेंत किंवा घरीं मुलाचा पहिला दोष दिसला, तर त्यास तीन गोष्टी अवश्य द्या: कबूल करण्यास धीर, भरपाई करण्यास काम, आणि त्यानंतर पुन्हा विश्वासाची जागा.