दिवाळीच्या शिबिराचा माल होळीला गोळा होतो

दिवाळीच्या सुट्टीत मुलांचं हस्तकला शिबिर घ्यायचं आणि त्यात बिया, पानं, शेंगा वापरायच्या, म्हणजे कच्च्या मालाचा खर्च जवळजवळ शून्य. असा हिशोब मांडून दरवर्षी अनेक जणी या कामात उतरतात. मीही तसाच मांडला होता.

माझ्या पहिल्या शिबिरात चौदा मुलं होती. पुठ्ठ्यावर वाल, चवळी आणि चिंचोके चिकटवून त्यांनी मोर केले. मोर झालेही देखणे. पालक खूश, फोटो झाले, मी खूश. साधारण तीन आठवड्यांनी एका आईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मोराच्या पिसाऱ्यात बारीक गोल भोकं पडली होती आणि खाली पिठासारखा भुगा सांडला होता. खाली एकच ओळ होती, "ताई, हे किडे माझ्या डाळींत गेले तर?" दुसऱ्या घरी पुठ्ठ्याच्या मागून पांढरी बुरशी आली होती. पुढच्या दिवाळीला त्या चौदांपैकी तीनच मुलं परत आली. शिबिराच्या धंद्यात नफा असतो तो परत येणाऱ्या मुलांत, कारण त्यांच्यासाठी जाहिरात करावी लागत नाही. मुलाने केलेली वस्तू पुढच्या दिवाळीपर्यंत भिंतीवर राहिली, तर तीच तुमची जाहिरात. म्हणून आजचा विषय वस्तू सुंदर कशी करायची हा नाही. ती टिकवायची कशी, एवढंच बघू.

आपली पानगळ शरदात नसते

पहिली चूक आपण परदेशी व्हिडिओ बघून करतो. तिकडे ऑक्टोबरमध्ये मेपलची पानं लाल होऊन गळतात आणि मुलं पिशव्या भरून आणतात. आपल्याकडे ऑक्टोबरात झाडं हिरवीगार असतात आणि जमीन ओली असते. आपली पानगळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. सागाची कागदी टोपीतली फळं, महोगनीच्या फळांच्या लाकडी पाकळ्या, शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगा, गुलमोहराच्या हातभर लांब काळ्या शेंगा, हा सगळा माल हिवाळा संपताना आणि उन्हाळ्यात झाडाखाली वाळलेला मिळतो. चिंचोके चिंच फोडायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला मिळतात. वर्षाची चिंच फोडणाऱ्या कुठल्याही घरी विचारा, बादलीभर देतील.

म्हणजे दिवाळीचं शिबिर खरं तर होळीला सुरू होतं. तेव्हा गोळा केलेल्या मालाला एप्रिल-मेचं कडक ऊन फुकट मिळतं. त्यानंतर पावसाळाभर तो हवाबंद डब्यात राहिला पाहिजे.

ऑक्टोबरच्या उन्हावर भिस्त ठेवू नका, त्याला आणखी एक कारण आहे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. अडीच आठवड्यांचा हा फरक फार मोठा आहे. दिवाळी लवकर आली की पाऊस जेमतेम थांबलेला असतो आणि तुमच्याकडे वाळवणाला दिवसच उरत नाहीत. त्यामुळे नवीन वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावलं की आधी दिवाळी कधी आहे ते बघा आणि मगच वेळापत्रक आखा.

गोळा करताना खाली पडलेलंच घ्या. सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, ओळखीच्यांचं शेत, इथे विचारून घ्या. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

वाळलं की नाही, ते काटा सांगतो

"हाताला कोरडं लागतंय" यावर माझा आता विश्वास नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढा. चिंचोक्यांचं ताट वजन करून उन्हात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन करा. वजन घटलं तर आत पाणी आहे. लागोपाठ दोन-तीन दिवस वजन तेच राहिलं की माल वाळला. आकडा वहीत लिहा, कारण चार ताटं असली की आठवत नाही.

मग किडे. बीला गोल भोक दिसलं तर ते सरळ टाकून द्या. पण अंडी किंवा अळी आत असेल तर वरून काहीच दिसत नाही, माझ्या मोरांत तेच झालं होतं. उपाय साधा आहे. पूर्ण वाळलेला माल जाड प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचा. बर्फ जमतो त्या कप्प्यात, खालच्या फ्रीजमध्ये नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. माल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती बंदच ठेवा, नाहीतर गार बियांवर दव जमेल आणि सगळं वाळवण पाण्यात जाईल. त्यानंतर घट्ट झाकणाचा डबा. आजी डब्यात कडुलिंबाची सुकी पानं टाकायची, मीही टाकते, पण त्यांच्यावर विसंबून फ्रीजर चुकवत नाही.

वाल, चवळी, राजमा यांसारखी कडधान्यं मी आता वापरतच नाही. किड्यांचं ते आवडतं घर आहे, शिवाय खाण्याची वस्तू चिकटवायला दिलेली पुष्कळ पालकांना रुचत नाही.

मुलांच्या हाती काय द्यायचं नाही

हा भाग घाईत वाचू नका. गुंजा दिसायला मोहक असतात, पण चावली गेलेली गुंज जिवावर बेतू शकते. भोक पाडलेली गुंज आणखी धोक्याची, कारण तिचं कठीण कवच फुटलेलं असतं. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची फळं आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया हे सगळं विषारी आहे. "आम्ही तर लहानपणी बिट्टीने खेळलो" असं कुणीतरी म्हणेलच. आपण खेळलो, आपलं नशीब. पैसे घेऊन दुसऱ्याची मुलं सांभाळताना नशिबावर चालत नाही. सीताफळाच्या बियाही टाळा, त्यांची पूड डोळ्यांत गेली तर फार त्रास होतो. रिठ्याचं फक्त आतलं काळं बी घ्या, गर पूर्ण काढून.

पाच वर्षांखालच्या मुलांना मी बियांच्या गटात घेत नाही. बी नाकात किंवा कानात जायला एक क्षण पुरतो. त्यांच्यासाठी मोठी पानं आणि करवंट्या असलेला वेगळा तास ठेवा, तोही पालकासोबत.

तीन वस्तू पुरेत

पहिली, पिंपळपानाची जाळी. व्हिडिओत मी ती करून दाखवली आहे, इथे फक्त दिवस सांगते. पक्व, जाडसर हिरवी पानं पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवायची आणि पाणी अधूनमधून बदलायचं. वास येतो, बाल्कनी तयार ठेवा. गर सुटला की मऊ ब्रशने वाहत्या पाण्याखाली हलकेच काढायचा, जाळी टिपकागदावर ठेवायची आणि वर जड पुस्तक. धुण्याच्या सोड्यात उकळून हे काम एका दिवसात होतं, पण ते मोठ्यांनीच आणि मुलं नसताना करायचं. शिबिरात मुलांना तयार जाळी द्या. ती रंगवणं आणि कागदी कंदिलाच्या खिडकीत आतून लावणं हे त्यांचं काम. एकूण पानांपैकी काही फाटतातच, म्हणून बारा मुलांसाठी मी तीस पानं भिजवते. आणि कंदिलात दिवा बॅटरीचाच, पणती नाही.

दुसरी, बियांचं आणि शेंगांचं तोरण. मोरांनी मला एक गोष्ट शिकवली. चिकटवलेलं सुटतं, ओवलेलं टिकतं. पांढरा गोंद दमट हवेत मऊ पडतो. गरम गोंदाची कांडी चिंचोक्याच्या गुळगुळीत पाठीवरून महिन्याभरात निसटते, आणि मुलांच्या हाती ते तापलेलं यंत्र नकोच. त्यापेक्षा चिंचोके आणि रिठ्याच्या बियांना आधीच दोन मिलिमीटरची भोकं पाडून ठेवा. चिंचोका चार-पाच तास पाण्यात ठेवला की भोक सोपं पडतं, पण मग तो पुन्हा वाळवावा लागतो, पुन्हा वजनकाटा. माझ्या हाताला आता हातड्रिलची सवय झाली आहे, मी कोरडाच पाडते. मुलं मेण लावलेल्या सुती दोऱ्यात ओवतात, मध्ये सागाची फळं आणि करवंटीचे तुकडे येतात. करवंटीच्या कडा पॉलिशपेपरने घासायचं काम आठ-दहा वर्षांची मुलं तासभर आनंदाने करतात. गडबड करणाऱ्या मुलाला हेच काम द्या.

तिसरी मला सगळ्यांत प्रिय, भाताच्या लोंब्यांची जुडी. कोकणात दसऱ्याच्या किंवा नवान्न पौर्णिमेच्या सुमारास दाराला 'नवं' बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि जोडीला गावागावाप्रमाणे आणखी काही. टिकाऊ शारदीय वस्तू शोधायला आपल्याला दूर जावं लागत नाही. लोंब्या दाणे पूर्ण पिकून गळायच्या थोड्या आधी कापलेल्या हव्यात. त्या उलट्या टांगून सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. उन्हात रंग उडतो. वीस-पंचवीस लोंब्यांची जुडी सुतळीने घट्ट बांधा, कारण वाळताना काड्या आकसतात आणि गाठ सैल होते. दोन दिवसांनी मुलांकडून ती पुन्हा आवळून घ्या. पालकांना आधीच सांगा की जुडी बाल्कनीत लावली तर चिमण्या दाणे खाणार. सांगितलं तर ते कौतुक होतं, नाही सांगितलं तर तक्रार.

आता फीचा हिशोब

समजा बारा मुलं, तीन दिवस, रोज दोन तास, फी ६०० रुपये. जमा ७,२००. दोरा, कागद, रंग, बॅटरीचे दिवे मुलामागे ११० धरले तर १,३२०. मदतनीस रोज ४००, एकूण १,२००. सोसायटीचा हॉल रोज ३००, एकूण ९००. खाऊ आणि छपाई ४८०. खर्च झाला ३,९००, उरले ३,३००. सहा तासांचे तेहतीसशे, छान वाटतं. पण गोळा करणं, वाळवणं, भोकं पाडणं, पानं भिजवणं यांचे सोळा तास कुणी धरायचे? ते धरून बावीस तास होतात, म्हणजे तासाला १५० रुपये. फी ८०० केली तर खर्च तेवढाच राहून ५,७०० उरतात आणि तासाला साधारण २६० पडतात. कच्चा माल फुकट असतो, त्याला टिकाऊ करणारा वेळ फुकट नसतो. पालकाने "झाडाखालच्या बियांचे आठशे?" असं विचारलं तर फ्रीजर आणि वजनकाट्याची गोष्ट सांगा. मी सांगते, आणि बहुतेक जण मग फी कमी करायला सांगत नाहीत.

प्रत्येक वस्तूला मी एक छोटी चिठ्ठी बांधते. मुलाचं नाव, तारीख, 'ओल आणि थेट ऊन टाळा', आणि 'वर्षाच्या आत काही सुटलं तर परत आणा, ओवून देईन'. मागच्या वर्षी दोन तोरणं परत आली. दोन्हींचा दोरा तुटला होता, बिया शाबूत होत्या. एक मुलगी तर आईला बाजूला सारून स्वतःच ओवायला बसली, आणि आईने तिथेच धाकट्याचंही नाव नोंदवलं.