बेस गिटार वाजवणारा नेमके काय करतो?

प्रश्न : रॉक बँडमध्ये चार तारांची लांब गिटार घेऊन एक जण बाजूला उभा असतो. त्याचे काम काय? महाराष्ट्रात असे वादक झाले का?
— एक वाचक, नेर (जि. यवतमाळ)

उत्तर : ती बेस गिटार. साध्या गिटारीच्या चार जाड तारांचेच सूर तिच्यात असतात, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. ड्रमवाला लय धरतो, गिटार आणि गळा सूर धरतात. या दोघांना एकत्र बांधण्याचे काम बेसवाल्याचे. तबलजीने डग्गा बंद ठेवून नुसता दायाँ वाजवला तर भजन जसे पोकळ वाटेल, तसेच बेसविना रॉक गाणे वाटते.

महाराष्ट्रातला एक मोलाचा दाखला पाचगणीचा आहे. तिथल्या सेंट पीटर्स शाळेतील मुलांनी १९५८ च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. पियानोवर होता फ्रेडी बुलसारा, म्हणजेच पुढचा जगप्रसिद्ध फ्रेडी मर्क्युरी. बेस सांभाळायचा फरंग इराणी, तोही चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेल्या वाद्यावर. काठी वाकवून दोरीचा ताण कमी-जास्त केला की सूर खाली-वर होतो. अलीकडच्या काळात मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ बँडचे बेसवादक पापल माने यांचे नाव घ्यावे लागेल. हा बँड २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला.

फ्रेडीच्या ‘क्वीन’ बँडमध्ये मात्र बेसवादक लवकर सापडला नाही. आधीचे तिघे टिकले नाहीत. १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि बँडची घडी बसली. १९५१ साली लेस्टरमध्ये जन्मलेला हा मितभाषी तरुण लंडनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्याने एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. गिटारवादक ब्रायन मे याने तो क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत वापरला. डीकन बँडमध्ये वयाने सर्वांत लहान होता आणि कमी बोलायचा, पण १९८० चे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले गाणे त्याचेच. १९८४ चे ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ही त्याचेच. १९९१ मध्ये फ्रेडी गेला. त्यानंतर काही मोजक्या कार्यक्रमांत डीकन वाजवत राहिला आणि १९९७ नंतर त्याने संगीतक्षेत्रातून पूर्ण निवृत्ती घेतली. उरलेल्या दोघांनी क्वीनचे नाव पुढे चालवले, पण तो परतला नाही.

माझ्या मते चांगल्या बेसवादकाची खरी कसोटी हात किती वेगाने चालतो ही नसते. कोणता सूर वाजवायचा नाही आणि ठेक्याच्या नेमक्या कोणत्या क्षणी थांबायचे, हे ज्याला कळते तोच गाणे उभे करतो. घरातल्या मुलाला हे वाद्य शिकायचे असेल, तर आधी त्याला ताल मोजायला आणि इतरांचे ऐकायला शिकवा. त्यासाठी गावातले भजनी मंडळही उत्तम शाळा आहे.

आणि आज एक करून पाहा. मोबाइलचा बारीक स्पीकर इतके खालचे सूर नीट काढू शकत नाही, म्हणून ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ चांगला इअरफोन लावून ऐका. गाण्याची सुरुवातच बेसने होते. बाजूला उभा असलेला तो माणूस काय करतो, ते लगेच कळेल.