वावडे

मुलांनो, मराठीत ‘वावडे’ असा एक शब्द आहे. ‘मला वांग्याचे वावडे आहे,’ असे कोणी म्हटले, तर वांगे त्याला चालत नाही, खाल्ले तर त्रास होतो, असा त्याचा अर्थ. (वांग्याची भाजी न आवडणारी मुलेही हाच शब्द वापरतात, ती गोष्ट वेगळी!) डॉक्टर ज्याला ॲलर्जी म्हणतात, त्यासाठी मराठीत हाच शब्द जवळचा आहे. उर्दूत ‘हस्सासियत’ म्हणतात. पण घरात आपण सगळेच ‘ॲलर्जी’ म्हणतो.

हा त्रास आजकालचा नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अर-राझी हे थोर हकीम होऊन गेले. ते इराणातील रै या शहराचे. बगदादच्या रुग्णालयातही त्यांनी काम केले. देवी आणि गोवर हे दोन निरनिराळे रोग कसे ओळखावेत, हे त्यांनी लिहून ठेवले. याच राझींचा एक छोटा लेख आहे. अबू झैद अल-बल्खी नावाच्या विद्वानाला वसंत ऋतूत गुलाब फुलले की सर्दी होई, नाक गळू लागे. असे का व्हावे, याचा विचार राझींनी त्या लेखात केला आहे. सगळ्यांना आवडणारे फूल एकालाच का छळते, हा प्रश्न इतका जुना आहे.

‘ॲलर्जी’ हा शब्द मात्र १९०६ सालचा. व्हिएन्ना शहरातील मुलांचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो बनवला. त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले औषध टोचत असत. त्याने मुलांचे प्राण वाचत. पण काही मुलांना आठदहा दिवसांनी ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे सुजत. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी एक गोष्ट टिपली. त्याच मुलाला पुढे पुन्हा ते औषध टोचले, तर हा त्रास फार लवकर होई. कधी कधी तर त्याच दिवशी! म्हणजे मुलाच्या शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती. ग्रीक भाषेतील ‘वेगळे’ आणि ‘कार्य’ या अर्थाचे दोन शब्द जोडून पिर्के यांनी हे नाव तयार केले.

लक्षात ठेवणे हे आपल्या रोगप्रतिकारशक्तीचे मोठेच काम आहे. एकदा गोवर झाला की सहसा तो पुन्हा होत नाही, याचे कारण हेच. लस दिली जाते तीही याच भरवशावर. रक्तातील काही पांढऱ्या पेशी रोगजंतू ओळखतात आणि त्याच्याशी लढण्यासाठी प्रतिपिंडे नावाची द्रव्ये तयार करतात. ॲलर्जी असलेल्या मुलात या पेशींची ओळख चुकते. फुलातील परागकण, अंडे, शेंगदाणा अशा निरुपद्रवी वस्तूला त्या शत्रू समजतात आणि तिच्याविरुद्ध एका खास प्रकारचे प्रतिपिंड तयार करतात. त्याला आयजीई म्हणतात. अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी पती-पत्नी, तसेच स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञ यांनी १९६६-६७ च्या सुमारास त्याचा शोध लावला.

हे प्रतिपिंड त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी यांतील काही पेशींवर जाऊन बसते. पहिल्या भेटीत बाहेर काहीच दिसत नाही. पुढे तीच वस्तू पुन्हा शरीरात शिरली, की त्या पेशी हिस्टामीन आणि इतर द्रव्ये एकदम बाहेर सोडतात. मग नाकात हे घडले तर शिंका येतात, डोळ्यांना खाज सुटते. त्वचेत घडले तर अंगावर लाल गांधी उठतात. त्यालाच लोक ‘पित्त उठले’ म्हणतात. ‘मागच्या महिन्यापर्यंत मी कोळंबी खात होतो, आजच काय झाले?’ असे विचारणाऱ्याला आता तुम्ही उत्तर देऊ शकाल.

आपल्या घरांत सर्वांत जास्त त्रास देणारी वस्तू कोणती? गादी, उशी आणि गोधडीतील धूळ. या धुळीत डोळ्यांना न दिसणारे अगदी बारीक किडे असतात. आपल्या अंगावरून गळणारे त्वचेचे कण हे त्यांचे अन्न. त्यांची विष्ठा श्वासाबरोबर नाकात जाते आणि सकाळी उठल्याबरोबर मुलाला शिंकांवर शिंका येतात. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुणे हा त्यावर चांगला उपाय आहे. झुरळांमुळेही ॲलर्जी होते. उदबत्ती, लोबान, चूल, विडी-सिगारेट यांच्या धुराची गोष्ट थोडी निराळी आहे. धूर ही बहुधा ॲलर्जी नसते. पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला तो आणखी चिडवतो.

घराबाहेर पडलात तर रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागेत गाजर गवत दिसेल. पाने गाजराच्या पानांसारखी आणि फुले पांढरी, बारीक. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. ते हाताळणाऱ्यांच्या त्वचेला पुरळ आणि खाज येते. त्याच्या परागकणांनी काहींना सर्दी होते. शाळेच्या आवारातील हे गवत मुलांकडून उघड्या हातांनी उपटून घेऊ नये.

खाण्याच्या पदार्थांत दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-अक्रोड, मासे, कोळंबी, गहू, सोयाबीन, तीळ यांची ॲलर्जी जास्त आढळते. दुधाची आणि अंड्यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. शेंगदाण्याची आणि माशांची बहुधा टिकते. दूध प्याले की केवळ पोट फुगणे ही ॲलर्जी नव्हे. तेथे दुधातील साखर पचत नसते. ज्याला खरोखर ॲलर्जी आहे, त्याला मात्र एखादा दाणाही पुरतो. ओठ आणि जीभ सुजतात, उलटी होते, श्वास अडकतो, चक्कर येते. अशा वेळी गोळी देऊन वाट पाहत बसणे धोक्याचे. मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हा त्यावर खरा इलाज आहे आणि त्यासाठी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. म्हणून ईदच्या दिवशी मित्र ‘मला शीरखुर्मा नको, त्यात काजू आहेत,’ असे म्हणाला, तर ‘थोडासा घे, काही होत नाही,’ असा आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रह करून वाढण्याची पद्धत आहे आणि ती मला आवडते. पण येथे ती जिवावर बेतू शकते.

आता दम्याविषयी. ‘दम’ म्हणजे श्वास, हे तुम्हांला सांगायला नको. मराठीनेही हा शब्द फारसीतून घेतला आणि आपलासा केला. ‘दम लागणे’, ‘दम घेणे’, ‘दमणे’ असे कितीतरी प्रयोग मराठीत आहेत. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, त्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साठतो. वाट अरुंद झाल्यामुळे श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड जाते आणि छातीतून शिटीसारखा आवाज येतो. लहान मुलांच्या दम्यामागे पुष्कळदा ॲलर्जीच असते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती आपला श्वासाचा पंप रुमालात गुंडाळून दप्तराच्या तळाशी ठेवी. खेळाच्या तासाला ‘सर, पोट दुखते,’ असे सांगून बसून राही. पळाले की धाप लागते आणि धाप लागली की सर्वांदेखत पंप काढावा लागतो, ही तिची खरी अडचण होती. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला वाटे, हा रोग आपल्यालाही लागेल. घरी आजीला वाटे, पंपाची सवय लागेल आणि पुढे स्थळ येणार नाही. या तिन्ही समजुतींनी तिला दम्याइतकाच त्रास दिला.

दमा संसर्गजन्य नाही. ॲलर्जीची सर्दी आणि इसबही नाही. खरूज लागते, इसब लागत नाही. दोन्हींत खाज असते, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. पंपाच्या सवयीचे म्हणाल, तर हिशेब करून पाहा. साल्ब्युटॅमॉलच्या पंपातून एका वेळी १०० मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडते. त्याच औषधाची लहान गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे वीसपट असते. पंपाचे औषध जेथे हवे तेथेच पोहोचते, म्हणून थोडे पुरते. हा पंप तात्पुरता आराम देतो. आतली सूज कमी करणारे औषध वेगळे असते. ते डॉक्टर सांगतील तसे, बरे वाटत असतानाही घ्यावे लागते आणि लोक नेमके तेच बंद करतात.

वर्गात कोणाला धाप लागली तर त्याच्याभोवती गर्दी करू नका. त्याला आडवे न करता ताठ बसवा, गळ्याचे बटण सैल करा, त्याचा पंप त्याच्या हाती द्या आणि शिक्षकांना बोलवा. पंप घेऊनही त्याला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर क्षणभरही थांबायचे नसते.

रोगप्रतिकारशक्ती आणखी दोन प्रकारे बिघडते. कधी ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी तिने नष्ट केल्या, तर लहान वयातच मधुमेह होतो. कॅनडातील टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये प्रथमच अशा रुग्णाला इन्शुलिन टोचले गेले. तो रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. काही मुलांत गव्हातील ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्या आतड्यांवर हल्ला करते. मूल खाते, पण वाळत जाते. नेदरलँड्समधील डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा आजारी पडली! अशा मुलाला आपल्याकडे फार अडचण पडू नये. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते.

कधी ही शक्ती जन्मापासूनच अपुरी असते. १९५२ साली अमेरिकेतील लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी अशा एका आठ वर्षांच्या मुलाची माहिती प्रसिद्ध केली. त्याला न्युमोनियासारखे गंभीर आजार वारंवार होत. तपासणीत आढळले की, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नव्हतीच. ब्रूटन यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे त्याला दर महिन्याला टोचली. आजारांची ती रांग थांबली.

स्वाध्याय

१. पिर्के यांच्या लक्षात कोणती गोष्ट आली? ती तुमच्या शब्दांत सांगा.
२. पंप लपवणाऱ्या मुलीच्या शेजारी तुम्ही बसत असता, तर तिच्याशी काय बोलला असता? पाच-सहा वाक्ये लिहा.
३. ‘दम’ हा शब्द उर्दूत आणि मराठीत आहे. असे दोन्ही भाषांतील आणखी दहा शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.