माय नेम इज गौहरजान

गाणं संपतं, साज थांबतो आणि गायिका खणखणीत आवाजात इंग्लिशमध्ये सांगते, ‘माय नेम इज गौहरजान!’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, काय ही मिजास! पण कारण अगदी व्यवहाराचं होतं. तेव्हा रेकॉर्ड्स जर्मनीत, हॅनोव्हरला छापून यायच्या. तिथल्या लोकांना ना ठुमरी कळत होती, ना उर्दू. कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं ते समजावं म्हणून शेवटी नाव सांगायचं. म्हणजे आपलं फाइलनेमच की!

नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग सामान घेऊन आला होता. त्यात माइक नव्हता, अॅम्प्लिफायर नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. मेणात रेघ कोरायची सगळी ताकद गळ्यातूनच यायची! तार सप्तकात गेलं की मागे सरायचं, नाहीतर सुई उडायची. खालच्या स्वरांना तोंड कर्ण्यात घालायचं. डग्ग्याचा घुमारा तर जवळपास उमटायचाच नाही. आणि वेळ? दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं. रात्रभर मैफल रंगवणाऱ्या बाईनं त्यात बंदिश, आलाप, ताना सगळं बसवायचं. आम्हाला सबमिशनला तीन आठवडे पुरत नाहीत.

तिचं मूळ नाव अँजेलिना योवर्ड. आमच्या कॉन्व्हेंटच्या हजेरीत सहज खपलं असतं! जन्म १८७३चा, आझमगढचा. वडील आर्मेनियन, बर्फाच्या कारखान्यात इंजिनिअर. आईवडिलांचा घटस्फोट झाला. आई मुलीला घेऊन बनारसला गेली, मुसलमान झाली आणि मलकाजान म्हणून गाऊ लागली. १८८३ मध्ये दोघी कलकत्त्याला आल्या. १८८७ मध्ये दरभंग्याच्या दरबारात मुलगी पहिल्यांदा गायली, आणि मग संस्थानांची आमंत्रणं, साजिंद्यांचा लवाजमा, आगगाडीचे प्रवास सुरू झाले. रेकॉर्डिंगला ती दरवेळी नवे कपडे, नवे दागिने घालून यायची, असं गेसबर्गनं लिहून ठेवलंय. दहाएक भाषांत मिळून सुमारे सहाशे रेकॉर्ड्स! १९११च्या दिल्ली दरबारात ती अलाहाबादच्या जानकीबाईंबरोबर गायली.

पण याच बाईवर कोर्टात उभं राहायची वेळ आली. १९०६ मध्ये मलकाजान गेली. त्यांच्याच घरात वाढलेल्या एकानं इस्टेटीवर दावा लावला, की खरा वारस मी, ही औरस नाहीच. तबकड्यांवर गावोगाव जिचं नाव पोचलं होतं, तिला आपण कुणाची मुलगी हे सिद्ध करावं लागलं. लहानपणी दुरावलेल्या वडिलांना शोधून साक्षीला आणावं लागलं. खटला ती जिंकली. पुढेही माणसं आणि कोर्टकज्जे यांत तिचा पैसा जातच राहिला. मला हा भाग वाचताना खरंच राग येतो.

शेवटी १९२८ मध्ये तिनं म्हैसूरच्या महाराजांची नोकरी धरली. १७ जानेवारी १९३० रोजी ती तिथेच वारली.

१९२५ मध्ये मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग होऊ लागलं, तोवर तिच्या रेकॉर्डिंगचे दिवस सरले होते. त्यामुळे तिच्या गळ्यातलं कर्ण्यानं पकडलं तेवढंच आपल्याला ऐकू येतं. हेडफोन कितीही भारी असला तरी तिचा खर्ज काही सापडत नाही. मी रूमवर दोनतीन रात्री शोधून पाहिला.