खोली दोघांची, मुक्काम चौघांचा

कोल्हापुरात भाचीचं लग्न होतं. वऱ्हाड तीन लॉजवर विभागलेलं. हळदीच्या रात्री आमच्या खोलीत गप्पा रंगल्या आणि अमेरिकेहून आलेला चुलतभाऊ म्हणाला, "आता कुठं जायचं? इथंच गादी टाकतो." साडेअकराला मॅनेजर दारात. "काका, रजिस्टरला तुमची दोघांचीच नावं आहेत. पाहुण्यांची नोंद लागेल." भावाचा आणि वहिनींचा अमेरिकन पासपोर्ट त्यांच्या लॉजवर! आवाज चढले, पण मॅनेजर हलला नाही. मध्यरात्री दोघांना रिक्षात बसवून द्यावं लागलं.

पैसे आम्ही मोजले, मग त्याला काय? आमचा सगळ्यांचा हाच सूर होता. पण हॉटेलवाला खोलीबरोबर माणसंही मोजतो. उतरलेल्यांची माहिती मागण्याची सोय 1867 च्या सराई कायद्यातही आहे. परदेशी पासपोर्टवाला मुक्कामाला असेल, तर 24 तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. आग लागली तर कोणत्या खोलीत किती माणसं, हेही त्याच रजिस्टरवरून कळतं. चेकिंगमध्ये नोंद नसलेला माणूस सापडला, तर उत्तर मॅनेजरलाच द्यावं लागतं.

म्हणून बुकिंग करतानाच मोठी माणसं किती, मुलं किती आणि त्यांची वयं काय, ते सांगा. जादा गादीचे पैसे आणि एका खोलीत जास्तीत जास्त किती जण चालतात, तेही विचारा. ओळखपत्र प्रत्येकाचं हवं. घरातल्या एकाचं दाखवून भागत नाही. पॅनकार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत चालेल का, ते आधी विचारा.

भेटायला येणाऱ्यांचा नियम जागोजागी वेगळा. कुठं खोलीत सोडतात, कुठं लॉबीतच बसवतात. रात्रीची वेळही ठरलेली असते. बरीच लॉजं 'लोकल आयडी' घेत नाहीत, म्हणजे त्याच गावचा पत्ता असलेल्याला खोली मिळत नाही. घरी पाहुणे मावत नाहीत म्हणून गावातल्याच काकांना लॉजवर झोपायला पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला खोली देऊ नये असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयानं 2019 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. तरी काही हॉटेलं आपल्या नियमावर बोट ठेवतात. फोन करून विचारा आणि होकार मेसेजवर घ्या. दारात वाद घालण्यापेक्षा ते बरं.

लग्नघरात पंगतीला पानं किती, याचा हिशेब चार वेळा होतो. तसाच कोण कुठल्या खोलीत झोपणार, याचाही व्हावा. ती यादी ओळखपत्रांच्या प्रतींसह आदल्या दिवशीच रिसेप्शनला द्या. आणि गप्पांसाठी कार्यालयातली एखादी खोली रात्री उशिरापर्यंत मागून ठेवा. तिथं झोपायचं नसल्यानं मुक्कामाच्या नोंदीचा प्रश्न येत नाही.