वारंवार लघवी : लाजू नका, तपासून घ्या

लघवीच्या तक्रारीविषयी चारचौघांत बोलायला आपण संकोचतो. मीही त्यातलाच. बँकेत काउंटरवरून तासातासाला उठावे लागे, रांगेतले लोक कुरकुरत. म्हणून मी पाणी पिणेच कमी केले. वजन उतरले, घसा कोरडा पडू लागला. शेवटी बायकोच्या आग्रहाने रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २१० निघाली.

असे का होते? मूत्रपिंडे रक्त गाळतात आणि त्यातील साखर परत शरीराला देतात. पण रक्तात साखर साधारण १८० च्या वर गेली की ती सगळी परत घेता येत नाही. लघवीवाटे जाताना ती पाणीही ओढून नेते. म्हणून लघवी वाढते आणि तहानही वाढते. पाणी तोडल्याने साखर कमी होत नाही, शरीर मात्र सुकते.

प्रत्येक वेळी मधुमेहच असतो असे नाही. दिवसाला सहा ते आठ वेळा लघवी होणे सर्वसाधारण आहे. चहा, थंडी, गरोदरपण, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी ती वाढते. जळजळ होऊन थोडी थोडी होत असेल तर बहुधा जंतुसंसर्ग असतो. तो स्त्रियांत अधिक आढळतो. पन्नाशीनंतर पुरुषांत धार बारीक झाली तर प्रोस्टेटची गाठ वाढलेली असू शकते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?
१) रात्री दोनपेक्षा अधिक वेळा उठावे लागत असेल तर.
२) सोबत खूप तहान, थकवा किंवा वजनात घट असेल तर.
३) जळजळ होत असेल तर.
४) लघवीत रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, कंबरेत कळा आल्या किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी.

मधुमेह हा लठ्ठ, श्रीमंत माणसांचा रोग, ही समजूत सोडावी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, पण अंगात चरबीचे प्रमाण अधिक, असे त्यात दिसले. सडपातळ माणसानेही गाफील राहू नये.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. खुद्द डॉ. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. मग आपण लाज कसली बाळगायची? घरातील वडीलधारी माणसे रात्री किती वेळा उठतात, हे विद्यार्थ्यांनी आजच विचारावे.