दिवाळी ते मिरग

मुरबाड तालुक्यात, गोरखगडाच्या पट्ट्यात माझं गाव. अंगणवाडीचं काम सांभाळून आम्ही बायका बचतगटातर्फे गडावर येणाऱ्यांना जेवण देतो. शहापूरकडे माहुली आणि आजोबा या डोंगरांच्या पायथ्याशी हेच काम करणाऱ्या बायकांशीही बोलणं होतं. त्यातून जे उमगलं ते लिहिते.

१. आधी गरिबीचे महिने ओळखा

आमच्याकडे मुख्य पीक भाताचं. मिरगात पेरणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. ते उरकलं की कातकरी वाडीतली कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते आणि आजारपणात नाहीतर लग्नात संपलेलीही असते. भट्टीवर आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. खरा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो आणि पुष्कळदा अंगावर बाकी निघते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

अंगणवाडीच्या हजेरीत मला हे दरवर्षी दिसतं. कार्तिकात गजबजलेली खोली पौषात अर्धी रिकामी होते. ज्या पोराचं वजन खटपट करून वाढवलेलं असतं, ते जूनमध्ये परत येतं तेव्हा काटा पुन्हा खाली गेलेला असतो. म्हणून पर्यटनातून रोजगार मिळेल असं कुणी म्हटलं की मी विचारते, कोणत्या महिन्यात?

२. पावसातली गर्दी म्हणजे कमाई नव्हे

आषाढ-श्रावणात शनिवार-रविवारी माळशेज घाटाकडे गाड्यांची रांग लागते. माणसं धबधब्याखाली भिजतात, घरून आणलेलं खातात आणि संध्याकाळी परततात. त्याच दिवसांत आमचे हात लावणीच्या चिखलात असतात. जीव जातात म्हणून धोक्याच्या जागांवर मनाई आदेश निघतात. ते निघायलाच हवेत, पण गर्दीच्या भरवशावर भाजायला कणसं आणून ठेवलेल्या बाईचा दिवस बुडतो. फुटक्या बाटल्या पाण्याबरोबर खाचरात येतात आणि लावणी करणाऱ्याच्या पायात चपला नसतात.

३. आपला हंगाम हिवाळ्याचा

मार्गशीर्ष ते फाल्गुन. हवा गार, वाटा कोरड्या, गावातले हात मोकळे. गोरखगडाच्या कातळातल्या पायऱ्या तेव्हाच चढाव्यात. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. त्या दिवशी तिथे अभिवादनाला माणसं येतात. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, तिथला गुरांचा बाजार आणि घोंगड्या लांबलांबचे लोक बघायला येतात. हे सगळं भट्टीच्याच महिन्यांत येतं, आणि माझी सगळी आशा त्यावर आहे.

४. ताटाचा हिशेब वहीत लिहा

आमचं ताट दीडशे रुपयांचं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, एक भाजी, वरण-भात, लोणचं. साठेक रुपये सामानाला आणि सरपणाला जातात, दहा रुपये गटाच्या पेटीत, बाकीचे रांधणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायकांत वाटले जातात. हे लिहायला लागलो तेव्हा दुसरीही गोष्ट ध्यानात आली. शहरातला एक ग्रुप माणशी बाराशे रुपये घेऊन आला होता. त्यातलं ताटापलीकडे गावात काहीच उरलं नाही. वाटाड्यासुद्धा त्यांनी बाहेरून आणला होता.

तेव्हापासून आम्ही सांगतो, पंधरा माणसांमागे एक वाटाड्या गावचाच घ्यायचा, दिवसाचे पाचशे रुपये. एका ताईंनी फोनवर विचारलं, “नकाशा असताना कशाला?” मी म्हटलं, “ताई, टाक्यातलं कोणतं पाणी प्यायचं ते नकाशात नसतं.”

वाडीतल्या ज्या पोराला आम्ही पहिल्यांदा हे काम दिलं, त्याला मधाचं पोळं कुठल्या कड्याला लागतं, खेकडे कुठल्या ओहोळात मिळतात, सारं तोंडपाठ. त्याची बायको आमच्यात भांडी घासायला, भाकऱ्या थापायला आली. पुढच्या दिवाळीला त्यांनी उचल घेतली नाही. त्यांच्या मुलीचं नाव पौषातही माझ्या हजेरीत राहिलं. तिच्या वजनाचा तक्ता मी मुद्दाम पुन्हा पुन्हा उघडून बघायचे.

५. पाण्याआधी तंबू नको

तानसा धरण १८९२ सालचं. मोडकसागर आणि भातसाही मुंबईची तहान भागवतात. त्याच शहापूर तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. आमच्याकडेही तेव्हा विहिरीचा तळ दिसतो. मुक्कामी पाहुण्याला अंघोळीला दोन बादल्या द्यायच्या म्हणजे त्या शेजारणीच्या हंड्यातून जाणार. उन्हाळ्यात आम्ही मुक्काम घेत नाही. तोटा होतो, होऊ दे.

६. जमीन विकू नये

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शहापूर आणखी जवळ आलं आणि जमिनीच्या दलालांचे फोन वाढले. विकलेल्या शेतावर फार्महाऊस उभं राहतं आणि जुना मालक त्याच फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहतो. तंबूंना जागा द्यायची तर भाड्याने द्यावी.

७. भूमिहीनाचा वाटा लिखापढीत हवा

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. शेतकऱ्यासाठी ते चांगलंच आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या कातकऱ्याने त्यात कुठे बसायचं? शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला वजन दिलंय. वाटाड्यांची पाळी, गाडीतळाचे पैसे, कचऱ्याची जबाबदारी, सगळं ग्रामसभेत ठरवून ठरावात लिहून घ्यावं. आमच्याकडे वाटाड्यांच्या यादीत निम्मी नावं वाडीतली हवीत असं मी सुचवलंय. काहींना ते पटलेलं नाही. बोलणं चालू आहे.

८. येणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर या. जमलं तर मधल्या वारी या, रविवारी सगळेच येतात. एक दिवस आधी माणसं किती ते कळवा, म्हणजे तांदूळ वाया जात नाही. डबा आणू नका. आणि पैसे देताना वाटाड्याचे त्याच्याच हातात द्या.